‘गोइंग मेरी’चा निरोप : ‘वन पीस’च्या ४४व्या खंडाबद्दल आमच्या वाचकांची मते

‘वन पीस’ या जपानी मंगामालिकेचा, म्हणजे चित्रकथामालिकेचा, ४४वा खंड गेले काही आठवडे आमच्या सांगलीतल्या वाचकमंडळींत हातोहात फिरतो आहे, आणि जो कोणी तो वाचून परत देतो तो आपले मत सांगितल्याशिवाय देत नाही. या मालिकेचे इतर खंडही आम्ही असेच एकमेकांना देऊन वाचले. पण इतक्या टोकाची मते एकाही खंडावर पडली नव्हती. कुणाला हा खंड मालिकेतला सर्वांत उत्तम वाटतो, कुणाला त्याचा पूर्वार्ध उगाच ताणलेला वाटतो, आणि कुणाला शेवटी ‘गोइंग मेरी’ या जहाजाला दिलेला अग्नी अजूनही मान्य नाही. ही सगळी मते मी लक्षपूर्वक ऐकली आहेत. त्यांपैकी काही मला पटली, काही पटली नाहीत, आणि एका मताने तर मला अख्खा खंड पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला लावला.

ज्यांनी ही मालिका वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. एइचिरो ओदा यांनी जुलै १९९७ मध्ये ‘शोनेन जंप’ या जपानी साप्ताहिकातून ही कथा सुरू केली. मंकी डी. लुफी या रबरासारखे अंग असलेल्या मुलाला समुद्री चाच्यांचा राजा व्हायचे आहे आणि त्यासाठी तो एकेक सोबती मिळवत निघाला आहे, असे तिचे मूळ सूत्र आहे. जपानमध्ये ४४वा खंड २००६च्या डिसेंबरमध्ये निघाला आणि त्यात ४२०पासून ४३०पर्यंतची अकरा प्रकरणे आहेत. ‘वॉटर सेव्हन’ या जहाजबांधणीच्या शहरात ३४व्या खंडापासून सुरू झालेले दोन धागे येथे एकदम संपतात. पहिला धागा निको रॉबिन या सोबतिणीच्या सुटकेचा आहे. तिला जागतिक सरकारच्या हेरांनी पकडून ‘एनीस लॉबी’ या न्यायबेटावर नेले आहे. दुसरा धागा ‘गोइंग मेरी’ या जहाजाचा आहे. पाचव्या खंडात काया नावाच्या मुलीने लुफी आणि त्याच्या सोबत्यांना ते जहाज भेट दिले होते, आणि तेव्हापासून तेच त्यांचे घर होते.

माझी भाची अभियांत्रिकीचे शिक्षण घेते आणि मंगा वाचण्यात ती आम्हा सर्वांच्या पुढे आहे. तिचे मत असे की, या खंडाचा पूर्वार्ध म्हणजे लुफी आणि त्या हेरांपैकी रॉब लुची यांची झुंज गरजेपेक्षा फार लांबली आहे. “मामा, तोच पडतो, तोच उठतो, तोच पुन्हा पडतो, एवढी प्रकरणे कशाला लागतात?” असे तिने मला सरळ विचारले. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. ही कथा मुळात दर आठवड्याला एक प्रकरण याप्रमाणे छापली गेली. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वाचकाला पुढच्या आठवड्यापर्यंत थांबवून ठेवायचे असते, आणि त्या साप्ताहिकात वाचकांची पसंती पत्रांद्वारे मागवून मालिकांचे भवितव्य ठरवण्याची जुनी पद्धत आहे. तीच प्रकरणे एका खंडात सलग बांधली की तो आठवड्याआठवड्याचा ताण पुनरावृत्तीसारखा जाणवू लागतो. शिवाय ओदा यांची पाने अतिशय भरलेली असतात. धूर, दगड, उडणारे लाकडाचे तुकडे आणि त्यांतून निसटणारा एखादा हात यांत डोळा कुठे ठेवावा हे नव्या वाचकाला कळत नाही; त्यातही पान उजवीकडून डावीकडे वाचायचे असते.

असे असले तरी ती झुंज मला निरर्थक वाटत नाही. ‘सेकंड गिअर’मध्ये लुफी आपल्या शरीरातले रक्त प्रचंड वेगाने फिरवतो, ‘थर्ड गिअर’मध्ये हाडांत हवा भरून हातपाय राक्षसी आकाराचे करतो, आणि प्रत्येक वेळी त्याची किंमत त्याचे शरीरच मोजते, मोठ्या हल्ल्यानंतर तो काही काळ एवढासा होऊन जातो. झुंज संपते तेव्हा त्याला बोटही हलवता येत नाही. पुढे जे घडते त्यासाठी ही अवस्था आवश्यकच होती, कारण कप्तान स्वतः धावू शकत असता तर त्याला वाचवायला कुणी येण्याची गरजच उरली नसती. भाचीला हे मी सांगितले. ते तिला पटले, पण लांबीबद्दलचा आक्षेप तिने मागे घेतला नाही, आणि तो तिने मागे घ्यावा असे माझेही म्हणणे नाही.

याच झुंजीत एक जागा अशी आहे की तिच्यावर आमच्यापैकी कुणाचाच मतभेद नाही. लुफीचा जुना सोबती उसॉप याने ३५व्या खंडात लुफीशी भांडून, त्याच्याशी द्वंद्व करून त्याची साथ सोडली होती. भांडणाचे कारण ‘मेरी’च होते. जहाज आता दुरुस्त होणार नाही, नवे घ्यावे लागेल, असे लुफीने जाहीर केले आणि उसॉपला ते सहन झाले नाही. रॉबिनला सोडवायला तो आला आहे, पण मुखवटा घालून आणि ‘सोगेकिंग’ हे खोटे नाव घेऊन. लुची लुफीला जवळजवळ संपवतो त्या क्षणी उसॉप तो मुखवटा काढतो, स्वतःच्या खऱ्या चेहऱ्याने उभा राहतो आणि पडलेल्या लुफीवर ओरडतो. मरायला टेकल्यासारखे तोंड करून पडणे तुला शोभत नाही, असे त्याच्या बोलण्याचे सार आहे. सगळ्यांत भित्रा म्हणून ज्याला आपण आजवर ओळखत आलो तो येथे सगळ्यांत धोकादायक माणसासमोर उघड्या चेहऱ्याने उभा आहे. ओदा यांनी तो चेहरा चांगला दिसावा म्हणून काढलेलाच नाही. नाक गळते आहे, ओठ वेडेवाकडे झाले आहेत, आणि म्हणूनच तो खरा वाटतो.

ज्या मताने मला पुन्हा वाचायला बसवले ते माधवनगर रस्त्यावर मालमोटारींचे गॅरेज चालवणाऱ्या माझ्या एका मित्राचे आहे. त्याने हा खंड आपल्या मुलाच्या हातून घेतला आणि मागचे खंडही एकामागून एक मागवून वाचले. मारामाऱ्यांत त्याला रस नाही. तो जहाज बघतो. ‘वॉटर सेव्हन’च्या कारागिरांनी ‘मेरी’ तपासून तळाचा मुख्य कणा मोडला आहे असे सांगितले, तेव्हाच त्याच्या दृष्टीने निकाल लागला होता. “अरे, चासीच गेली म्हटल्यावर वर कितीबी पत्रा ठोक, गाडी सरळ चालत नसती,” असे तो म्हणाला, आणि मग त्याने मला मागच्या खंडांतली पाने उघडून दाखवली. बाराव्या खंडात लबून नावाच्या देवमाशावर आदळून ‘मेरी’च्या पुढच्या टोकावरचे मेंढीचे मुंडके तुटते. पुढे वापोल नावाचा राजा जहाजाचा काही भाग अक्षरशः खातो. आकाशातल्या बेटावर जाताना आणि तेथून परतताना तर ती पार खिळखिळी होते. प्रत्येक वेळी उसॉप हातोडी घेऊन बसतो आणि पत्र्याची ठिगळे मारतो, कारण तो सुतार नाही आणि त्यांच्यात दुसराही कुणी सुतार नाही. ती ठिगळे पुढच्या खंडांतही तशीच दिसत राहतात. माझ्या मित्राने मला एका ठिगळावर बोट ठेवून खिळ्यांची रांग दाखवली आणि सांगितले की, हौशी माणूस खिळे असेच ठोकतो, जवळजवळ आणि गरजेपेक्षा जास्त. मी ते पान कितीतरी वेळा पाहिले होते, पण खिळ्यांकडे माझे लक्ष कधीच गेले नव्हते.

त्याच मित्राला ‘क्लाबाउटरमान’ ही कल्पना समजावून सांगावी लागली नाही. ३७व्या खंडात फ्रँकी हा जहाजबांधणारा उसॉपला सांगतो की, ज्या जहाजावर माणसांनी मनापासून जीव लावला असेल त्या जहाजाचा आत्मा मानवी रूपात दिसतो. आकाशातल्या बेटावर एका रात्री धुक्यात हातोडीने जहाज दुरुस्त करणारी जी आकृती उसॉपने पाहिली होती ती स्वतः ‘मेरी’च होती. ही समजूत ओदा यांनी उत्तर समुद्र आणि बाल्टिक समुद्रावरच्या खलाशांच्या लोककथांतून घेतली आहे. मूळ लोककथेतही क्लाबाउटरमान जहाजाची काळजी घेतो, हातोडी बाळगतो, आणि तो नजरेस पडणे हे जहाजाचा शेवट जवळ आल्याचे लक्षण मानले जाते. खंडेनवमीला आमच्याकडे जसे पान्यांना आणि जॅकला हळदकुंकू लावून हात जोडतात, तसेच हे आहे, असे माझा मित्र म्हणाला आणि पुढच्या पानाकडे वळला.

त्याच्या गॅरेजमध्ये बसून ही पाने पाहताना मला या खंडाचे जे मर्म जाणवले ते मी येथे मांडतो, कारण त्याकडे आमच्यातल्या बहुतेक वाचकांचे दुर्लक्ष झाले आहे असे मला वाटते. लुफी आणि उसॉप यांच्या भांडणात आपण पहिल्यापासून बाजू घेतो. एक तर कप्तानाने जड मनाने योग्य निर्णय घेतला असे म्हणतो, नाही तर उसॉपने जहाजाची साथ सोडली नाही म्हणून त्याचे कौतुक करतो. ४४व्या खंडाच्या शेवटी हे दोघेही खरे ठरतात. युद्धनौकांनी वेढलेल्या पुलावर सगळे अडकलेले असताना त्यांना एक आवाज ऐकू येतो, खाली पाहा असे तो सांगतो, आणि खाली समुद्रात कुणीही सुकाणू न धरलेली ‘मेरी’ उभी असते. जहाज जिवंत आहे हा उसॉपचा हट्ट त्या क्षणी शब्दशः खरा ठरतो. त्यानंतर थोड्याच पानांनी, सगळे सुखरूप बाहेर पडल्यावर, तीच ‘मेरी’ भर समुद्रात मोडते, आणि ती वाचणार नाही हे लुफीचे म्हणणेही तितकेच खरे ठरते. एकाला चूक ठरवून दुसऱ्याला जिंकवणे लेखकाला सहज शक्य होते. ओदा यांनी तसे केले नाही, आणि या खंडाबद्दल मला जो आदर वाटतो तो मुख्यतः यासाठीच.

आणखी एका बारकाव्याचा उल्लेख केला पाहिजे. कणा मोडल्याचा निर्णय देणारा कारागीर काकू हा पुढे सरकारी हेर निघतो. तेव्हा कित्येक वाचकांना, मलासुद्धा, वाटून गेले की मग तो निर्णयही खोटाच असणार आणि ‘मेरी’ वाचणार. पण निर्णय खराच असतो. खोट्या माणसाने आपले काम मात्र इमानाने केले होते. ‘मेरी’ला शेवटच्या प्रवासासाठी शक्य तेवढे सावरून समुद्रात सोडणारा ‘वॉटर सेव्हन’चा महापौर आणि जहाजबांधणारा आइसबर्गही शेवटी तेच सांगतो, तिने आपली मर्यादा केव्हाच ओलांडली आहे, आता तिला विश्रांती द्या, असे तो लुफीला विनवतो.

आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो, यांचे मत पूर्णपणे वेगळे आहे. त्यांनी अनेक वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवले, आणि जहाजाच्या निरोपापेक्षा ‘बस्टर कॉल’ त्यांना अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘बस्टर कॉल’ म्हणजे पाच व्हाइस अॅडमिरल आणि दहा युद्धनौका पाठवून एखादे बेट नकाशावरून पुसून टाकण्याचा आदेश. रॉबिन आठ वर्षांची असताना तिचे ओहारा हे विद्वानांचे बेट याच आदेशाने जळाले होते. येथे तो आदेश स्पँडम नावाच्या अधिकाऱ्याच्या हातून चुकून दिला जातो, आणि ती चूक कबूल करण्याऐवजी तो तिचाच डंका पिटतो. पुढे लुफी ज्या युद्धनौकेवर आहे तिच्यावर हजार नौसैनिक असूनही ती बुडवण्याचा आदेश दिला जातो. “तुम्ही जहाजासाठी रडता, ते ठीक आहे, पण त्या हजार मुलांसाठी एकानेही चकार शब्द काढला नाही,” असे बाई म्हणाल्या, तेव्हा आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हते. बाईंचे हे निरीक्षण मला अतिशय मोलाचे वाटते. एका बाजूला माणसांसाठी मोडेपर्यंत झटणारे लाकडी जहाज आहे, आणि दुसऱ्या बाजूला आपल्याच माणसांवर तोफा डागणाऱ्या लोखंडी शिस्तीच्या युद्धनौका आहेत. ही मांडणी ओदा यांनी जाणूनबुजून केली आहे, यात मला शंका नाही.

सांगलीवाडीच्या एका तरुण वाचकाचे मत त्याच्या स्वतःच्या अनुभवातून आलेले आहे, त्यामुळे मी ते त्याच्या परवानगीने लिहितो. ऑगस्ट २०१९च्या महापुरात कृष्णेचे पाणी त्याच्या घराच्या पहिल्या मजल्यापर्यंत चढले होते आणि तो घरच्यांसह गच्चीवर अडकला होता. ‘मेरी’ येते ते पान त्याने मला दाखवले तेव्हा तो फार बोलला नाही. त्या चित्रात आपण पात्रांच्या मागून, उंचावरून खाली पाहतो आहोत, आणि उंचावर अडकलेल्या माणसाला खालून येणारी नाव अशीच दिसते, एवढेच त्याने सांगितले. आवाजाची गोष्ट खरी की खोटी यावर बाकीचे वाद घालत होते, पण या तरुणाला त्या वादात रस नव्हता. हे पान समीक्षेच्या पलीकडे कुणाच्या तरी आयुष्याला जाऊन भिडले आहे, याची मला नोंद घ्यावीशी वाटते.

आता शेवटच्या प्रकरणाबद्दल. ‘मेरी’ला अग्नी देण्याचे काम लुफी स्वतः करतो. लहान होडीत उभा राहून, हातात मशाल घेऊन, समुद्राचा तळ अंधारा आणि एकाकी असतो म्हणून आम्ही तुला शेवटपर्यंत पोहोचवतो, अशा अर्थाचे काहीतरी तो तिला सांगतो. जहाज पेटते, हिमकण पडू लागतात, आणि त्या हिमकणांबरोबर मागच्या प्रवासातली चित्रे येतात. मग ‘मेरी’ बोलते. तुम्हाला आणखी थोडे दूर न्यायचे होते, ते जमले नाही, म्हणून ती क्षमा मागते. आणि लुफीही तिची क्षमा मागतो, कारण सुकाणू नीट धरता न आल्याने आपण तिला हिमनगांवर आदळले हे त्याला ठाऊक आहे. माझ्या मित्राला हा अग्नी पटला नाही. जाळायचे कशाला, कामाच्या फळ्या काढून नव्या जहाजात घालायच्या, असे त्याचे म्हणणे आहे, आणि गॅरेजमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाचे ते म्हणणे मला समजते. तरीही मी लुफीच्या बाजूने आहे. जहाज सोडायचे असे ज्याने ठरवले त्यानेच मशाल हाती घ्यायला हवी होती; ती फ्रँकीच्या किंवा आइसबर्गच्या हातात दिली असती तर कप्तानाचा निर्णय अर्धवट राहिला असता.

माझा या खंडावर एकच गंभीर आक्षेप आहे, आणि तो उसॉपच्या मुखवट्याबद्दल आहे. झुंजीत मुखवटा काढून उभा राहिलेला उसॉप जहाजाच्या निरोपाच्या वेळी पुन्हा सोगेकिंग झालेला असतो. या प्रसंगी उसॉप हजर असायला नको का, असे सोबती विचारतात तेव्हा त्याने आधीच निरोप घेतला आहे, असे तो मुखवट्याआडून सांगतो. भाचीला हा प्रसंग अतिशय आवडतो. मुखवट्याआडचे रडणे उघड्या रडण्यापेक्षा अधिक खोल जाते, असे ती म्हणते. मला मात्र वाटते की, ज्या माणसाने जहाजासाठी एवढी किंमत मोजली त्याला त्याच्या चेहऱ्यासकट तेथे उभे राहण्याचा हक्क होता, आणि लेखकाने समेट पुढच्या खंडासाठी राखून ठेवण्याच्या नादात तो हक्क त्याच्याकडून काढून घेतला.

ज्यांनी हीच कथा ॲनिमे, म्हणजे जपानी चलचित्र, मालिकेत पाहिली आहे ते म्हणतात की संगीतामुळे तो निरोप अधिक परिणामकारक होतो. त्यांचे म्हणणे मी खोडून काढत नाही, पण छापील पानावर वेळ आपल्या हातात असतो. हिमकणांचे पान कुणी पटकन उलटते, कुणी त्यावर दहा मिनिटे थांबते, आणि आमच्या प्रतीचे ते पान कोपऱ्यात इतके मळले आहे की बहुतेक जण तेथे थांबले असावेत.

ज्यांना हा खंड वाचायचा आहे त्यांना माझी एकच विनंती आहे की, त्यांनी ४४व्यापासून सुरुवात करू नये. निदान ३४व्या खंडापासून वाचत यावे, नाहीतर एक जहाज जळाले यापलीकडे त्यांच्या हाती काही लागणार नाही. उसॉप परत येतो की नाही आणि येतो तर काय बोलून येतो, हे ४५व्या खंडात आहे. तो खंड आता बाईंकडे आहे, आणि उसॉपने आधी क्षमा मागावी की लुफीने आधी बोलवावे, यावर आमच्याकडे आतापासूनच दोन तट पडले आहेत.